निर्माल्याचा पिवळा डबा

माहं माहेर पिंपळगाव राजाचं, ताई. माहा बाप एका मोठ्या शेतकऱ्याकडं सालदार व्हता, मंजे वर्षभर त्याच्याच वावरात राबायचं, अन् आमी चारी पोरी बापाच्या मागंमागं. उन्हाळ्यात बैलगाडीनं शेणखत वावरात येऊन पडे, ढिगाचे ढीग, अन् आमी पोरी टोपल्या भरभरून ते पसरवू. सात-आठ वर्षायची असीन मी, तवापासून डोक्यावर खताचं टोपलं. खत मंजे काय हे मले कोणी शिकवलं नाई, ते डोक्यावरून गळून गळून नाकात गेलं. मुरलेलं कोणतं, कच्चं कोणतं, गाईचं कोणतं, पाल्याचं कोणतं, आज बी डोळे बांधून द्या, मी सांगून देईन. बाप सगळ्यायले म्हणे, आमच्या गोकर्णाचं नाक लय तिखट हाये. अन् बापानं दुसरं काय शिकवलं तं गाठ. तो तुरीच्या काड्यायचा भारा बांधे, दोन येढे देऊन टोक आतून उलटं काढे, मंग तो भारा गाडीतून पडला तरी सुटे नाई. मी बी तशीच गाठ बांधते. इकडं कोणाले नाई येत ती.

लग्न होऊन या गावात आली. गावाचं नाव नका लिहू ताई, हातावर पोट हाये. तालुक्याचं गाव हाये, पालिका हाये, येवढं लिहा. नवरा माहा पालिकेत झाडूवाला व्हता. आमी बौद्ध. आमच्या वस्तीतले तीन-चार घरचे माणसं याच कामावर. मालक माहे लय साधे, कोणाच्या आधी नाई, मधी नाई. त्यायच्याच हाताखाली सुधाकर कामाले लागला, तवा तो कोवळा पोट्टा व्हता, अन् लागल्या लागल्या दारूच्या नादी लागला. सकाळी उठेच ना. तं मालक काय करत, आपली गल्ली झाडत, अन् मंग चूपचाप जाऊन त्याची बी गल्ली झाडून येत, असं महिनाभर केलं, हजेरीवाल्याले पत्ता नाई लागू दिला. मंग तो सुधरला. माह्या हातच्या किती भाकरी खाल्ल्या असतीन त्यानं, त्याची गिनती नाई. मले वहिनी म्हणे, मी त्याले भाऊजी म्हणो. मालक गेले तवा खांदा देणाऱ्यायत तोच पहिला. पुढं तो मुकादम झाला, मंजे आमच्या सगळ्यायच्या वरता, अन् मले कंत्राटी कामावर त्यानंच लावून देल्लं. म्हणून तं पुढं त्यानं जे केलं ते येवढं लागलं. परका माणूस असता तं मी दोन शिव्या देऊन मोकळी झाली असती.

तं मले गल्ली भेटली ते दत्ताच्या देवळाकडची. बेचाळीस दारं. सगळे चांगले घरचे, मास्तर, दुकानदार, वावरवाले. माह्याकडं घंटागाडी, मंजे गाडी ते ड्रायव्हरची, मी आपली मागं उभी राहून डबे घ्यायची. पयले पयले काय व्हय, बाई दारात येई, बादली घेऊन, अन् मी हात पुढं केला का बादली वर करे अन् वरून पिशवी सोडून दे. हाताले हात लागाले नको म्हणून. कधी पिशवी फुटे, भाताचं पाणी माह्या अंगावर. काही बायका तशा नोहत्या, खोटं काऊन बोलू, पण बऱ्याच तशा व्हत्या. मी पदरानं पुसो अन् पुढच्या दारी जावो. माहे मालक म्हणत, गोकर्णा, काम असं कर का लोकायनं आपल्याले शोधत आलं पाह्यजे. मी तसं केलं. कोणाचं लेकरू शाळेत चाललं तं रस्ता पार करून देल्लं, कोणाचा चमचा कचऱ्यात गेला तं काढून देल्ला, एकदा एका घरचा तं मोबाईल व्हता ताई, मोबाईल, केळीच्या सालीत गुंडाळलेला. असं करता करता त्या गल्लीत माह्या शब्दाले किंमत आली. गोकर्णा म्हणते ना, मंग खरं असंन, असं बाया बोलू लागल्या. आता तुमी म्हणसान, कचरेवालीच्या शब्दाची काय किंमत? पण माह्यापाशी दुसरं व्हतं काय? ना वावर, ना शिक्षण. त्या बेचाळीस दारायत माहा शब्द चाले, येवढीच माही इस्टेट.

मंग ते ओला कचरा सुका कचरा आलं. वरून तपासणीवाले येणार व्हते, गावाले नंबर भेटणार व्हता. सगळ्या घरायले हिरवा डबा, निळा डबा वाटला. बायायनं काय केलं, हिरव्यात गहू भरले, निळ्यात धुण्याचे कपडे. आता हसून राह्यली मी, पण तवा डोक्याले ताप व्हता. मी दारोदार जाऊन सांगो, बाई, भाजीचे देठ इकडं, प्लास्टिकची पन्नी इकडं. कोणी म्हणे, आमाले टाइम नाई. कोणी म्हणे, तूच कर ना निवड, पगार कशाचा घेते. मी म्हणो, करते बाई, पण लेकराच्या लंगोटात अन् काचेत हात घालून माहे हात पाहा कसे झाले. मंग पाहत. एकेक दार असं वळवलं मी. सहा महिने लागले. शेवटी माह्या गल्लीत बेचाळीसपैकी चाळीस घरं वेगळा कचरा देऊ लागले, साऱ्या गावात कोणाची अशी गल्ली नोहती, पालिकेचे साहेब बी म्हणत.

तवा एक दिवस सुधाकर घरी आला. च्या पेला. म्हणे, वहिनी, आता एकच गोष्ट राह्यली, निर्माल्य. देवाची शिळी फुलं, बेल, दुर्वा, हार, हे लोक कचऱ्यात नाई टाकत, तुमाले माहीत हाये. कोणी इहिरीत टाकते, कोणी नदीत, कोणी पिंपळाखाली, अन् मंग पन्नीसकट तिथंच सडत राह्यते. म्हणे, निर्माल्यासाठी पिवळा डबा देऊन राह्यलो, त्याचं येगळं खत व्हईन, अन् ते खत देवळाच्या बागेत जाईन. मी म्हणली, भाऊजी, माह्या हातात? मी बौद्ध बाई, कचऱ्याची, अन् माह्या हातात त्या देवाची फुलं देतीन? तो म्हणे, तुमच्याच हातात देतीन, दुसऱ्या कोणाच्या देणार नाईत. मंग मी म्हणली, पण खरंच येगळं ठेवसान ना? कारण मी दारात जाऊन शब्द देईन, मंग तो शब्द माहा राह्यते. त्यानं काय केलं माहीत हाये? भिताडावर मालकाचा फोटो हाये, त्याच्याकडं हात केला. म्हणे, दादाची आण घेऊन सांगतो.

मंग आमाले जीपमंदी बसवून गावाबाहेर नेलं, जिथं सारा कचरा टाकतात त्या जागी. तिथं चार हौद बांधलेले, इटायचे, कोरे करकरीत, वरून हिरवी जाळी, मोठी पाटी. साहेबानं मले नवं जाकीट घालाले देल्लं अन् म्हणे, मावशी, ओंजळीत खत घ्या, फोटो काढायचा हाये. पोत्यातून काळंभोर खत माह्या हातात टाकलं. अन् ताई, ते हातात आलं अन् माह्या नाकात गेलं. शेणखत व्हतं ते. चांगलं मुरलेलं शेणखत, त्यात कडब्याचा बारका तुकडा बी व्हता. भाजीपाल्याच्या खताचा वास असा नसते, त्याले जरा आंबूस झोक राह्यते. मी सुधाकरले हळूच म्हणली, भाऊजी, हे तं कोणाच्या तरी गोठ्यातलं हाये. तो म्हणे, वहिनी, आपल्या खताले अजून दोन महिने लागतीन, अन् तपासणी तं परवा हाये, फोटोपुरतं आणलं. मले ते पटलं. का पटवून घेतलं मी, मालूम नाई. साहेब म्हणे, हसा मावशी. मी हसली. तोच फोटो मंग चौकात लागला, घंटागाडीवर लागला, येवढा मोठा, माहं तोंड अन् माही ओंजळ. सूनबाईनं मोबाईलात त्याचा फोटो काढून साऱ्या नातेवाइकायले धाडला. मी वरून नाई म्हणो, पण आतून फुगली व्हती, हे बी लिहा.

तो पिवळा डबा मी माह्या हातानं धुवो. रोज. नळाच्या पाण्यानं, रात नाई दिवस नाई, काम सुटलं का पयले डबा. वरून धुतलेला पांढरा कपडा झाको. माह्या घरी ते देव नाईत ताई, मले त्या दुर्वेचं काही नाई. पण देव माहा नोहता तरी शब्द माहा व्हता. डबा भरला का त्यातलं पोत्यात भरायचं, पोतं पिवळ्या सुतळीनं बांधायचं, बापाची गाठ, अन् चौकात ट्रॅक्टर उभा राह्यते, घंटागाडीतला कचरा बी त्यातच जाये, त्यात ठेवायचं. पुढं तो ट्रॅक्टरवाला रहीमभाई नेई. आमचं काम तिथं संपे.

हळूहळू सगळ्यायनं निर्माल्य देल्लं, एक सोडून. मास्तरीणबाई. त्यायचे मालक हेडमास्तर व्हते, वारले, पोरं पुण्याले. बाईचं माहेर हिवरा आश्रमाकडचं, सोवळं कडक. गुडघे गेलेले, पण निर्माल्य घेऊन अॅटोनं पैनगंगेवर जात, उतरताना अॅटोवाल्याले धरून धरून. मले म्हणत, गोकर्णा, कचरा देईन, हे नाही देणार. मी म्हणो, नका देऊ बाई, बळजबरी नाई. कधी जोर नाई केला. दीड वर्ष गेलं. अन् एका सकाळी बाई दारात आल्या, हातात केळीच्या पानावर फुलं. मी नेहमीसारखा डबा पुढं केला, का वरून सोडतीन. तं म्हणाल्या, डबा खाली ठेव, ओंजळ कर. मी ओंजळ केली. त्यायनं दोन्ही हातायनं ते पान माह्या ओंजळीत ठेवलं, हाताले हात लागला, अन् म्हणाल्या, आता पाय चालत नाहीत गं, तू नीट नेशील म्हणून देते. काय सांगू ताई तुमाले. साऱ्या गावानं माहा फोटो पाह्यला त्याचं मले तेवढं नाई वाटलं, तेवढं त्या दिवशी वाटलं. गल्लीच्या टोकाले जाऊन मी पदरानं डोळे पुसले. ड्रायव्हर म्हणे, काऊन मावशी, कोणी बोललं का? मी म्हणली, हाव, बोललं.

आता दुर्वेचं सांगते. पुढच्या गणपतीचं. बाईकडं दीड दिवसाचा गणपती. त्यायच्या सासूनं चिखलीच्या सोनाराकून चांदीची दुर्वा घडवून घेतली व्हती, करंगळीयेवढी, तीन पात्यायची, ते गणपतीच्या डोक्यावर वाहायची. इसर्जनाच्या गडबडीत ती हिरव्या दुर्वायसंगं निर्माल्यात गेली. दुसऱ्या दिवशी मी गल्लीत गेली तं बाई गेटाला धरून उभ्या, तोंड उतरलेलं. सांगितलं मले. अन् मी काय म्हणली असंन? मी हसली ताई. मी म्हणली, बाई, त्याच्यात घाबरता काय? निर्माल्य काय कचऱ्यात गेलं का? त्याचा हौद येगळा हाये, पोतं माह्या गाठीचं हाये. संध्याकाळपर्यंत तुमच्या हातात आणून देते. बाई म्हणाल्या, तू आहेस म्हणून जीवात जीव आहे. असं म्हणाल्या.

चौकात जाऊन रहीमभाईले म्हणली, मले तुमच्या ट्रॅक्टरवर घ्या. तो म्हणे, कायले मावशी, तिकडं लय घाण हाये. मी म्हणली, मी काय अत्तराच्या दुकानात काम करते का? तो म्हणे, मावशी, मी पोतं शोधून आणतो, तुमी बसा. लय टाळलं त्यानं. मले वाटलं, म्हाताऱ्या बाईची काळजी करून राह्यला. चढली ट्रॉलीत.

गेलो. पाटी तशीच उभी, आता तिच्यावर बी माहा तोच फोटो लावलेला. अन् पाटीमागं ते चार हौद. पावसाचं पाणी साचलेलं, हिरवं, अन् त्यात बेशरमाची झुडपं उगवलेली, माह्या कंबरेयेवढी. एकाची भिताड पडलेली. त्यात फूल नाई, पान नाई, कधी पडल्याचं बी दिसे नाई. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा. मी रहीमभाईकडं पाह्यलं. त्यानं मान खाली घातली. म्हणे, मावशी, मले जिथं सांगतात तिथं मी खाली करतो. अन् त्यानं ट्रॉली खाली केली, ओला, सुका, सगळं एका ढिगात. माह्या चाळीस घरायनं निवडून देल्लेलं, एका झटक्यात. डुकरं धावत आले. मागं ढीग धुपून राह्यला व्हता, पन्नीचा काळा धूर. मी त्या ढिगावर चढली. अन् मले पिवळी सुतळी दिसली. एक. मंग दुसरी. मंग जिकडं तिकडं. मरेल कुत्र्यापाशी, लेकरायच्या लंगोटायमंदी, दवाखान्याच्या पट्ट्यायमंदी, माहे पोते. काही अर्धे जळेल, काही पावसात सडेल, पण गाठ तशीच. माही गाठ मले वळखू येते ना. दोन वर्षायत एक गाठ कोणी सोडली नोहती. खत राहू द्या, कोणी उघडून बी पाह्यलं नोहतं.

मी खाली बसली तिथंच. रडली नाई. रडू यायच्या पयले राग यावा लागते, अन् राग यायच्या पयले समजावं लागते, मले समजूनच नोहतं राह्यलं. मंग उठली, काठी घेतली, कालचे पोते शोधाले लागली. तिसऱ्या पोत्यात भेटली दुर्वा. झेंडूच्या हारात अडकेल. चांदी चांगली व्हती, पण तिले वास लागला व्हता. पदरानं पुसली, पुन्हा पुसली, जाये नाई.

तेवढ्यात फटफटी आली. रहीमभाईनं फोन केला असंन. सुधाकर उतरला, नाकाले रुमाल. म्हणे, वहिनी, तुमी इथं काऊन आल्या? मी म्हणली, हौद कवापासून बंद हाये? त्यानं फटफटी स्टँडवर लावली. मी पुन्हा इचारलं. म्हणे, तपासणीवाले गेले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात साहेबानं माणसं काढून घेतली. मंग साहेबाची बदली झाली, नव्यानं पाह्यलंच नाई. मी म्हणली, मंजे चालूच झाले नाईत. तो म्हणे, असंच समजा. मी म्हणली, अन् तुले माहीत व्हतं? तवा पयल्यांदा मी त्याले भाऊजी नाई म्हणली, तू म्हणली. तो म्हणे, वहिनी, मले बी नोकरी करा लागते. मी म्हणली, नोकरी कर ना बे, नको कोण म्हणते, पण मले काऊन दारोदार पाठवलं, माह्या मालकाची आण काऊन घेतली? तं तो काय म्हणाला, ते मी मरेपर्यंत इसरणार नाई. म्हणे, तुमच्यावर लोकायचा इश्वास हाये म्हणून. मी गेलो असतो तं कोणी निर्माल्य देल्लं असतं का?

असा केसानं गळा कापला त्यानं. जे मी येवढे वर्षं दारोदार फिरून जमवलं, तेच त्यानं मोडून खाल्लं, अन् ज्या माणसानं त्याच्या वाटची गल्ली झाडली त्याच्या फोटोची आण घेऊन.

मंग माह्या हातातली दुर्वा पाहून म्हणे, भेटली ना? झालं तं मंग. बाईले सांगा, हौदातच भेटली. तिले काय मालूम पडते? तिचं बी समाधान, तुमचं बी नाव राह्यते, गावाचा नंबर राह्यते. कोणाचं वाईट व्हते यात? अन् खरं सांगू ताई, रस्ताभर मी तेच घोकत आली. हौदातच भेटली बाई, हौदातच भेटली. सोपं व्हतं. बाई खूश झाल्या असत्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओंजळीत फुलं ठेवली असती. अन् ती फुलं मी पुन्हा त्या मरेल कुत्र्यापाशी धाडली असती. आता माहीत असून.

बाई गेटातच उभ्या. मी दुर्वा देल्ली. बाईच्या डोळ्यात पाणी, कपाळाले लावली, अन् लावता लावता थांबल्या. वास आला त्यायले बी. म्हणाल्या, हौदातच होती ना गं? मी म्हणली, नाई बाई. हौद नाई तिथं. मंग सगळं सांगितलं, उभ्या उभ्या, कुत्रं सोडून सगळं. बाई चिडल्या नाईत. चिडल्या असत्या तं बरं झालं असतं. अंगणातल्या नळाखाली दुर्वा धुतली, राखेनं घासली, पुन्हा धुतली, अन् घरात नाई नेली, तुळशीच्या कट्ट्यावर ठेवली. माह्याकडं न पाहता म्हणाल्या, गोकर्णा, तुला माहीत होतं का?

मी म्हणली, नाई.

बाई आत गेल्या.

मंग मी बाकीच्या दारायत बी सांगितलं, चार दिवस लागले. काही बाया खूप बोलल्या मले. काही हसल्या, म्हणाल्या, आमाले माहीत व्हतं, कचरा तो कचराच, तूच लय मनावर घेत व्हती. एकीनं हिरवा डबा माह्यासमोरच निळ्यात उलटा केला. खरं बोलून मान वाढते म्हणतात ना, ते शाळेच्या पुस्तकात. सून म्हणाली, आई, तुमाले काय गरज पडली व्हती? दुर्वा देऊन मोकळं व्हायचं. तिचं बी चूक नाई, तिच्या लेकरायच्या शाळेचं तिले पडलं. सुधाकरनं मले महिन्याच्या आत त्या गल्लीतून काढलं, आठवडी बाजारात टाकलं, मच्छी-मटनाच्या लायनीत. समोर आला तं आता रस्ता बदलते तो. मालकाच्या पुण्यतिथीले जेवाले आला नाई, पयल्यांदा. चौकातला माहा फोटो तसाच हाये. उन्हानं तोंड उडालं, ओंजळ राह्यली. कोणाले सांगू, काढा म्हणून?

एक केलं मी. तो पिवळा डबा कोणी परत मांगितला नाई, तो घरी आणला. घरामागं दोन हात जागा हाये, तिथं नातवाच्या अन् माह्या हातानं खड्डा खोदला. पाच-सहा घरं अजून मले बोलावून निर्माल्य देतात. म्हणतात, गोकर्णा, पालिकेच्या नाई, तुह्या घरच्या खड्ड्यात टाक. काम सुटलं का मी त्या गल्लीत जाते, घेऊन येते, पालापाचोळा टाकते, पाणी शिंपडते, खालीवर करते. त्यासाठी मले कोणी काही देत नाई अन् मी मांगत नाई. मास्तरीणबाई नाई देत. त्या पुन्हा अॅटोनं पैनगंगेवर जातात. आता गुडघा अजून बिघडला म्हणतात.

या उन्हाळ्यात पयलं खत झालं. मी मूठभर घेऊन हुंगलं. आंबूस झोक, जरासा झेंडू, शेणाचा वास नाई. खरं व्हतं. चाळणीनं चाळून एका कापडी पिशवीत भरलं, पिवळी सुतळी बांधली, अन् बाईच्या गेटापाशी नेलं. म्हणली, बाई, हे तुळशीले टाका, हे माह्या घरच्या खड्ड्यातलं हाये, फुलायचं हाये. बाईनं पाह्यलं. म्हणाल्या, ठेव तिथं. बस म्हणाल्या नाईत, पाणी इचारलं नाई. मी ठेवून आली. पंधरा-वीस दिवसायनं पुन्हा गेली तं पिशवी तिथंच, गेटाच्या कोपऱ्यात, वरून धूळ. गाठ माहीच. सोडेल नोहती.

तवा मले ते ढिगावरचे पोते आठवले.

पण बाईचा काय दोष हाये, ताई? सुधाकरचा हाये, साहेबाचा हाये, त्यायले तं मी जिवंत हाये तोवर बोलीन. पण बाईनं मले एकच गोष्ट इचारली व्हती, तुला माहीत होतं का. अन् मी नाई म्हणली. हे आजपर्यंत मी कोणालेच बोलली नाई, सुनेले बी नाई, तुमाले सांगून राह्यली. ज्या दिवशी माह्या ओंजळीत ते शेणखत टाकलं, त्याच दिवशी माह्या नाकाले कळलं व्हतं. डोक्यानं नाकाले चूप बसवलं. कारण फोटो निघून राह्यला व्हता, अन् साहेब हसा म्हणत व्हते, अन् माह्यावर कोणी असा कॅमेरा कधी धरला नोहता. त्यानंतर दोन वर्षं मी एकदा बी म्हणली नाई, चला, मले ते हौद दाखवा. म्हणाले पाह्यजे व्हतं. मी डबा धूत बसली.

तुमी हे लिहून राह्यल्या, तं हे बी लिहा, गाळू नका. माहं नाव टाकलं तरी चालते. मास्तरीणबाईले वाचाचा नाद हाये, कधी त्यायच्या हातात पडलं तं पडू द्या. मले तोंडानं नाई सांगता येणार.

बरं, च्या घ्या, थंडा झाला. तुमचं चांगलं होवो, लेकरंबाळं सुखी राहोत. अन् ताई, कोणी तुमच्या ओंजळीत काही टाकलं अन् म्हणलं हसा, तं पयले हुंगा. मंग हसा.